ठिपकेबाईंचा ट्रिगर

ठिपकेबाईंना खरं नाव होतं, पण ते आता पगारपत्रकात आणि रागावलेल्या थोरल्या बहिणीच्या तोंडी तेवढं उरलं होतं. मोजमाप प्रयोगशाळेत शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना ठिपकेबाईच म्हणायचे, आणि तेही तोंडावर. बाईंना त्याचं वाईट वाटत नव्हतं. उलट कोणी चुकून खऱ्या नावाने हाक मारली तर त्या मागे वळूनसुद्धा बघत नसत.

नाव पडलं ते त्यांच्या यंत्रावरून. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याशेजारच्या खोलीत एक जुना सँपलिंग ऑसिलोस्कोप होता. दोन माणसांनी कुंथत उचलावा एवढा, पुढे गोल हिरवा पडदा आणि खाली बटणांच्या तीन रांगा. चालू केला की अर्धा तास तापायला घ्यायचा, आणि तेवढ्या वेळात बाई टेबल पुसून, चष्मा पुसून, कालच्या नोंदी वाचून तयार व्हायच्या. एकतीस वर्षांत प्रयोगशाळेत सहा साहेब आले आणि पाच गेले. यंत्र आणि बाई जागच्या हलल्या नाहीत.

हे यंत्र काय करतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढे मुसळ केरात जायचं. विजेचा ठोका कधीकधी इतक्या झटक्यात येऊन जातो, की तो एका दमात सबंध बघायची त्या काळच्या यंत्रांची छाती नव्हती. मग कोणा शहाण्याने विचार केला, की ठोका पुन्हा पुन्हा येतोय, दर वेळी अगदी तसाच येतोय, मग घाई कसली? पहिल्या ठोक्यातून एक ठिपका घ्या. दुसऱ्यातून किंचित उशिराचा एक घ्या. तिसऱ्यातून आणखी उशिराचा. असे हजार ठोके गेले, की हजार ठिपके मिळून पडद्यावर एका ठोक्याचं चित्र उभं राहतं. बघणाऱ्याला वाटतं, वा, काय चपळ यंत्र आहे. खरं तर असं निवांत यंत्र दुसरं सापडायचं नाही.

नवीन भरती झालेल्यांना बाई हे वेगळ्या तऱ्हेने शिकवायच्या. "समजा, शेजारी नवरा-बायको रोज भांडतात," त्या म्हणायच्या. "नवरा घरी येतो, घंटी वाजवतो आणि भांडण सुरू होतं. तुम्हाला ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचंय, पण दार उघडं टाकून ऐकत बसलात तर अब्रू जाणार. मग रोज एकदाच, एका शब्दापुरतं दार किलकिलं करा. आज घंटी वाजल्याबरोबर. उद्या घंटीनंतर जरा थांबून. परवा आणखी जरा थांबून. दोन-तीन महिन्यांत सगळं भांडण पदरात पडतं. अट एकच, त्यांनी रोज तेच भांडण केलं पाहिजे."

"तेच करतात की, बाई," दर तुकडीतलं कोणीतरी म्हणायचंच.

मग बाई खऱ्या मुद्द्यावर यायच्या. घंटी म्हणजे ट्रिगर. घंटी वाजल्यावर आज किती थांबायचं, हे ठरवणारा कप्पा म्हणजे टायमिंग युनिट. त्याच्या पोटात दोन व्होल्टेज असतात. त्यातलं एक, ट्रिगर मिळाला की, तीरासारखं चढत सुटतं. दुसरं जिन्याची पायरी धरून उभं असतं. चढणारं त्या पायरीला टेकलं, की त्याच क्षणी ठिपका घ्यायचा आणि पायरी एकाने वर न्यायची. पायरी वर गेली म्हणजे पुढच्या वेळी टेकायला जास्त वेळ लागणार, म्हणजे ठिपका आपोआप थोडा उशिराचा. "एवढीच गंमत आहे," बाई म्हणायच्या. "पण घंटी खरी पाहिजे. घंटी खोटी असली तर वरचा सगळा डोलारा खोटा. म्हणून काही मोजायच्या आधी, जे मोजायचंय ते समोरचं यंत्र बंद करून बघा. चित्र गेलं पाहिजे. गेलं नाही, तर तुम्ही काय बघताय ते देव जाणे."

हा धडा त्यांनी एकतीस वर्षांत शे-दीडशे जणांना दिला असेल. लोकांना शिकवलेलं स्वतःला लागू असतं, हे मात्र माणूस हमखास विसरतो.

प्रयोगशाळेत तपासायला मुख्यतः यायची ती केबलशोधक पेटी. जमिनीखाली विजेची तार तुटली, की पेटीतून तारेत एक ठोका सोडायचा. तुटल्या जागी आपटून तो परत येतो. जाऊन यायला किती वेळ लागला त्यावरून पेटी सांगते, अमुक पावलांवर खणा. ठोका ताठ, झटकन उठणारा असला पाहिजे. तो आळसावून उठला, तर परत कधी आला हे पेटीला उशिरा कळतं आणि अंतर चुकतं. ठोका ताठ आहे का, हे बाईंनी बघायचं आणि साहेबांनी प्रमाणपत्रावर सही करायची. पूर्वी दहातली एखादी पेटी नापास व्हायची. गेल्या आठ वर्षांत एकही झाली नव्हती. साहेबांना याचा फार अभिमान होता. पेट्या करणारे कारखाने आपल्या धाकाने सुधारले, असं ते पाहुण्यांना सांगायचे, आणि पाहुणे मान डोलवायचे. शहरातले रस्ते भलत्याच जागी खणले जात होते, पण त्याने कोणाला संशय आला नाही. रस्ता भलत्या जागी खणतात यात नवल कसलं?

नवल वाटलं ते एकाच माणसाला, आणि तो खणणाऱ्यांचा मुकादम होता. उंच, हडकुळा, कमी बोलणारा माणूस. सोमवारी सकाळी तो पेटी खांद्याला अडकवून दोन जिने चढून बाईंच्या दारात उभा राहिला. वर्षभरातली ही त्याची तिसरी खेप होती.

"बाई, ही पेटी खोटं बोलते," तो म्हणाला. "सांगते तिथे खणतो, तार धड असते. तुटलेली सापडते चार पावलं अलीकडे. दर वेळी अलीकडेच."

"मागच्या दोन्ही वेळेला पास झालीय ती."

"ठाऊक आहे. ते प्रमाणपत्रच माझ्या गळ्याशी आलंय. पेटी पास आहे म्हणजे मी वाचण्यात चुकतो, असं वरचे म्हणतात. गुरुवारी चौकशी आहे. मुकादमकी काढून घेऊन गोदामाच्या दारावर बसवणार आहेत मला." एवढं बोलून तो दमल्यासारखा स्टुलावर टेकला. "बावीस वर्षं खणतोय मी."

बाईंनी पेटी टेबलावर घेतली. तिची तार फाट्याला जोडली आणि मग नेहमीसारखं पडद्याचं बटण दाबलं; जोडणी व्हायच्या आधी त्या पडदा कधी लावत नसत. फाट्यातून एक तार ट्रिगरकडे जायची आणि दुसरी ठिपके घेणाऱ्या कप्प्याकडे. क्षणात पडद्यावर चित्र उभं राहिलं. असं ताठ आणि स्थिर, की पट्टी लावून रेघ ओढावी. बाईंनी ते मुकादमाला दाखवलं. मुकादमाने वाकून बघितलं.

"दिसतं तर सुरेख," तो म्हणाला.

"मग दोष पेटीचा नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता, पण बोलणं मऊ नव्हतं. "डोळे तपासून घ्या एकदा. वय झालं की आकडे फसवतात. ठिपका खोटं बोलत नाही."

मुकादमाने वाद घातला नाही. पेटी ठेवल्याची पावती भरली, बाईंच्या पुढे सरकवली, बाईंनी न वाचता सही ठोकली. तो जिना उतरून गेला. त्याच्या बुटांचा आवाज बाईंना खालपर्यंत ऐकू येत होता.

चहा घेताना बाईंनी ती पावती फाईलला लावायला उचलली. सरकारी कागद वाचण्यासाठी नसतो, लावण्यासाठी असतो, पण चहा गरम होता आणि दुसरं काही वाचायला नव्हतं. खालच्या रकान्यात मुकादमाच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: पेटी बॅटरीविना जमा.

बाईंनी कप खाली ठेवला. उठून पेटीचं झाकण काढलं. आत बॅटरीची जागा मोकळी होती. वजन नको म्हणून त्याने ती काढून आणली असणार.

पेटीत बॅटरी नव्हती, म्हणजे पेटी मेलेली होती. आणि पडद्यावर ठोका अजून ताठ उभा होता.

बाईंनी तार काढली, जोडली. चित्र तेच. दुसरी पेटी लावली, बंदच. चित्र तेच. मग त्यांनी यंत्राची मागची पट्टी उघडली आणि तिथे, ट्रिगरच्या कप्प्यात, एका बारक्या स्क्रूवर त्यांना स्वतःच्या हाताने लावलेला लाल नेलपॉलिशचा थेंब दिसला. शेजारी त्यांच्याच अक्षरातली चिठ्ठी होती, हात लावू नये.

आठ वर्षांपूर्वी ट्रिगरमधला, घंटी वाजवणारा बारका डायोड गेला होता. तसला डायोड बनायचा बंद झालेला, म्हणून त्यातल्या त्यात मिळताजुळता बसवला. हा डायोड उंबरठ्यावर बसवावा लागतो, बाहेरून जरासा धक्का आला की त्याने उडी मारायची. किती पुढे बसवायचा ते त्या स्क्रूवर ठरतं. त्या दिवशी साहेब दारात उभे राहून घड्याळ बघत होते, पाहुणे खाली येऊन बसले होते, आणि चित्र काही ठरत नव्हतं. बाईंनी स्क्रू आणखी थोडा फिरवला, आणखी थोडा, आणि एकदम चित्र जागच्या जागी थांबलं. साहेबांनी टाळी वाजवली. बाईंनी पर्समधून नेलपॉलिश काढून स्क्रू पक्का केला. समोरची पेटी बंद करून चित्र जातं का, एवढं बघायचं तेवढं राहून गेलं.

डायोड उंबरठ्याच्या पुढे जाऊन बसला होता. आता त्याला कोणाच्या धक्क्याची गरज नव्हती. तो आपला आपणच उड्या मारत होता, आणि दर उडीचा झटका ट्रिगरच्या तारेतून उलटा बाहेर पडून, फाट्यावर वळून, ठिपके घेणाऱ्या कप्प्यात शिरत होता. शेजारी कोणी भांडतच नव्हतं. बाई स्वतःच घंटी वाजवत होत्या आणि स्वतःच ऐकत होत्या. पडद्यावर आठ वर्षं जो ताठ ठोका दिसत होता, तो यंत्राचा स्वतःचा होता. तो कशाला नापास होतोय?

चारशे बारा प्रमाणपत्रं. बाईंनी रजिस्टर उघडून मोजली आणि मिटून ठेवलं. मग त्या साहेबांकडे गेल्या.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. साहेब लोक शांतपणे ऐकतात तेव्हा ते ऐकत नसतात, पुढचं वाक्य जुळवत असतात. "चूक आठ वर्षं सारखीच आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कमी-जास्त नाही?"

"नाही."

"मग तिला चूक कशाला म्हणायचं? मोजमापात सातत्य लागतं, ते आपण राखलंय." साहेब खुर्चीत पुढे झाले. "बाई, तुमचे चार महिने उरलेत. निरोपाचा कार्यक्रम ठरतोय, शाल आणलीय, भाषणसुद्धा मीच लिहितोय. आता आठ वर्षं उकरून काढण्यात कोणाचं भलं आहे?"

"मुकादमाचं. गुरुवारी चौकशी आहे त्यांची."

"ती इथेच घ्यायची ठरलीय. समितीला चित्र प्रत्यक्ष बघायचंय. तुम्ही फक्त चित्र दाखवा. बोलायचं काही नाही. चित्र खोटं असलं तरी ते दिसतं हे तर खरंच आहे."

बाई खोलीत परत आल्या आणि यंत्रासमोर नुसत्या बसून राहिल्या.

बाईंचा नवरा शिंपी होता. आळीत त्याला सगळे मास्तर म्हणायचे. संध्याकाळी बाई घरी आल्या, तेव्हा मास्तर खिडकीशी बसून एका कोटाचं अस्तर उसवत होते. बाईंनी चप्पल काढायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. मास्तरांना डायोड कळला नाही, पण चूक कळली.

"अहो, मी त्या माणसाला डोळे तपासून घ्या म्हणाले," बाई म्हणाल्या. "बावीस वर्षं खणतोय तो, आणि मी त्याला वयाचं ऐकवलं. माझंच वय त्याच्याएवढं आहे."

"चुकीची शिलाई झाली की उसवायची," मास्तर म्हणाले. "कापड खराब होतं जरा. पण अंगावर घालून वाकडं चालण्यापेक्षा बरं."

"आणि गिऱ्हाईक घालून गेलं असलं तर?"

"तर बोलवून आणायचं."

"येतात का?"

"येतात कसले? दुसऱ्या शिंप्याकडे जातात आणि आपल्या नावाने खडे फोडतात." मास्तरांनी दोरा दाताने तोडला. "तरी बोलवायचं. शाल नाही मिळाली तर मी शिवून देतो. शाल शिवायला काय लागतं, चार बाजूंना दुमड घातली की झालं."

बाई हसल्या, पण रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही.

गुरुवारी समिती आली. अध्यक्ष जाडजूड होते आणि दोन जिने चढून त्यांना धाप लागली होती. त्यांच्याबरोबर दोन सदस्य होते, त्यांचं काम अध्यक्ष बोलले की माना हलवण्याचं. साहेबांनी खुर्च्या मांडून घेतल्या होत्या. मुकादम भिंतीशी उभा होता. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्याचे हात कुठे ठेवावे हे त्याला कळत नव्हतं.

साहेबांनी खूण केली. बाईंनी पेटी जोडली. चित्र उभं राहिलं.

"वा," अध्यक्ष म्हणाले. सदस्यांनी माना हलवल्या. "यात कुठे दोष दिसतो तुम्हाला, मुकादम?"

"नाही दिसत," मुकादम खाली बघत म्हणाला.

बाईंनी पेटीचं झाकण काढलं आणि पेटी उचलून अध्यक्षांच्या समोर धरली. "आत बॅटरी नाही," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून नाही."

अध्यक्षांनी पेटीत बघितलं, मग पडद्याकडे बघितलं. चित्र जसंच्या तसं होतं. अध्यक्षांचा चेहरा उजळला. "बॅटरीशिवाय इतकं स्थिर चित्र?" ते साहेबांकडे वळून म्हणाले. "हे तर अहवालात घ्यायला हवं."

"घेऊ या," साहेब घाईघाईने म्हणाले.

आता मात्र बाईंचं टाळकं सरकलं. एकतीस वर्षांत त्या साहेबांसमोर कधी आवाज चढवून बोलल्या नव्हत्या. आजही आवाज चढला नाही, पण थांबलाही नाही. "हे चित्र पेटीचं नाही. या यंत्राचंच आहे. मी आठ वर्षांपूर्वी एक स्क्रू चुकीचा बसवला आणि तपासला नाही. तेव्हापासून इथून गेलेलं प्रत्येक प्रमाणपत्र खोटं आहे. आता बघा." त्या मागे गेल्या, नखाने लाल रंग खरवडला, स्क्रूड्रायव्हर लावला आणि अर्धा फेरा उलटा फिरवला.

पडदा काळा झाला.

बाईंनी मुकादमाकडे हात केला. त्याने पिशवीतून बॅटरी काढून दिली. बाईंनी ती पेटीत बसवली. पडद्यावर ठिपके एकेक करून जमू लागले, आणि त्यांच्यातून ठोका उभा राहिला. उभा कसला, रविवारी सकाळी अंथरुणातून उठणाऱ्या माणसासारखा कुशी बदलत, रखडत वर येणारा. बाईंनी पडद्यावरच्या चौकटी मोजल्या आणि कागदावर हिशेब मांडला. चार पावलं. साडेतीन आणि थोडं वर, पण चारच धरा.

"मुकादम बरोबर वाचत होते," त्या म्हणाल्या. "चूक माझी होती."

मुकादमाने इतक्या वेळानंतर पहिल्यांदा मान वर केली.

समिती साहेबांच्या खोलीत तासभर बसली. तासाभराने निर्णय टाईप होऊन बाहेर आला. असला कागद लिहायला डोकं लागतं, येरागबाळ्याचं काम नाही. पेटी सदोष होती, सबब मुकादमाच्या वाचनात दोष नाही, असं पहिल्या कलमात होतं. दुसऱ्या कलमात असं होतं, की मुकादमाने तीन वेळा तक्रार केली, अर्थात पेटी सदोष असल्याचं त्यास माहीत होतं, आणि माहीत असूनही तो पेटी सांगेल तिथेच खणत राहिला. सबब त्यास सक्त ताकीद. मुकादमकी कायम. तिसरं कलम बाईंचं होतं. स्क्रू बसवला तो वरिष्ठांच्या आदेशाने, म्हणून त्याबद्दल बाईंवर ठपका नाही. परंतु तो समितीसमोर विनापरवानगी फिरवला, म्हणून त्याबद्दल सेवापुस्तकात नोंद घ्यावी. साहेबांचं नाव कुठेच नव्हतं. निरोपाच्या कार्यक्रमाचंही पुढे कोणी नाव काढलं नाही.

बाईंनी चारशे बारा पत्रं लिहिली, पेट्या परत तपासायला आणा म्हणून. साहेबांनी सही द्यायला नकार दिला, म्हणून स्वतःच्या सहीने पाठवली. महिन्याभरात एकोणीस उत्तरं आली. त्यांतल्या सतरा जणांनी लिहिलं होतं, पेटी पाठवत नाही, फक्त नवीन तारखेचं प्रमाणपत्र पाठवा.

पण ते नंतरचं. त्या गुरुवारी कागद हातात घेऊन मुकादम बाईंच्या खोलीत परत आला आणि दारातच उभा राहिला. बाईंना वाटलं, आभार मानायला आला असेल, आणि त्यांना ते नको होतं.

"मला माफ करा," त्या आधीच म्हणाल्या. "डोळ्यांचं बोलले ते."

"त्याचं काही नाही, बाई." तो कागदाची घडी घालत राहिला. "माझी नोकरी राहिली, पण माझी माणसं... सहा जण आहेत. आठ वर्षं मी खडू मारतो तिथे खणतात आणि तिथे काही नसतं. मग पुन्हा खणतात. माझ्या तोंडावर कोणी काही बोलत नाही. पण मी खडू मारला की एकमेकांकडे बघतात. हा कागद त्यांना वाचून दाखवून काय होणार? त्यात तर मलाच ताकीद आहे." त्याने घडी खिशात घातली. "तुम्ही याल का एकदा?"

पेटी दुरुस्त करायला बाईंना दोन दिवस लागले. शनिवारी त्या मुकादमाबरोबर गेल्या. एका रुंद रस्त्याच्या कडेला फरशा उचलून ठेवल्या होत्या आणि दोन दिवसांपासून पलीकडच्या इमारतींत वीज नव्हती. सहा माणसं फावड्यांवर रेलून उभी होती. मुकादमाने सांगितलं, या प्रयोगशाळेच्या बाई. एवढंच सांगून तो बाजूला झाला.

बाईंनी कधी खड्ड्याच्या कडेला उभं राहून भाषण केलं नव्हतं. घंटी, भांडण, पायरी, यातलं काही त्यांना आठवलं नाही. "पेटी चूक सांगत होती," त्या म्हणाल्या. "ती बरोबर आहे असं मी लिहून देत होते. मी तपासलं नव्हतं. मुकादमांची चूक नव्हती, तुमचीही नव्हती. माझी होती."

मग त्यांच्यातल्या वयाने सगळ्यात मोठ्या माणसाने फावडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"किती वर्षं?" त्याने विचारलं.

"आठ."

"म्हणजे आठ वर्षं आम्ही दोनदा खणलं."

"हो," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

म्हाताऱ्याने मुकादमाकडे पाहिलं. मग त्याने खिशातून खडूचा तुकडा काढला आणि मुकादमापुढे धरला.

"मारा खूण," तो म्हणाला.

मुकादमाने तारेला पेटी जोडली, आकडा वाचला, पावलं टाकली आणि वाकून रस्त्यावर खडूने फुली मारली. या वेळी कोणी कोणाकडे बघितलं नाही. सहाही जण फुलीशी गेले आणि खणायला लागले. मुकादमाने शर्टाच्या बाह्या वर केल्या, एक जादा फावडं उचललं आणि तोही त्यांच्यात उतरला.